चिमूर, खंजिरी आणि दोन तारखा

तुकडोजी महाराजांना 28 ऑगस्ट 1942 रोजी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, अटक झाली. नागपूर आणि रायपूर इथल्या तुरुंगांतून ते 2 डिसेंबरला सुटले. अटकेच्या बारा दिवस आधी, 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी याच भागातले चिमूर गाव इंग्रज राजवटीविरुद्ध पेटले होते. महाराजांच्या भजनांनीच चिमूर पेटले, असे विदर्भातला भाविक आजही सांगतो. ही श्रद्धा मला समजते. पण या माणसावर प्रेम करणाऱ्यानेच ते विधान कागदांवर घासून पाहायला हवे.

चिमूरशी त्यांचे नाते जुने होते. 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा, म्हणजेच पुढचे तुकडोजी महाराज, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य झाला. पुढे रामदिघी आणि गोंदोड्याच्या अरण्यात राहिला. ही दोन्ही ठिकाणे चिमूरच्या आसपासची. पुढारी किंवा वक्ता म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी इथल्या गावकऱ्यांनी त्यांना रानात राहणारा, खंजिरीवर स्वतःची पदे म्हणणारा तरुण म्हणून पाहिले होते.

ती पदे हाच आपला पहिला पुरावा. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत ती आहेत, कारण मध्यप्रांत-वऱ्हाडातला श्रोता दोन्ही भाषा ऐकत होता. शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा येते, त्यामुळे पद कोणाचे ते ओळखू येते. मात्र मुद्रेवरून कर्ता कळला तरी रचनेचा काळ कळत नाही. शिवाय मंडळामंडळात गाताना शब्द बदलत जातात. म्हणून एखादे स्फूर्तिपद 1942 चे ठरवताना नुसत्या आठवणीवर विसंबू नये. तारखेने पक्के सांगता येते ते एवढे: 1936 साली ते गांधीजींकडे जाऊन राहिले आणि 1941 साली वैयक्तिक सत्याग्रहात उतरले. म्हणजे चिमूरपूर्वीच त्यांची दिशा ठरली होती आणि ती सरकारलाही दिसत होती.

16 ऑगस्टला चिमूरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण मारला गेला. चिडलेल्या जमावाने चार सरकारी माणसांना ठार केले. मग लष्कर आले आणि गावातल्या स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी 63 दिवसांचे उपोषण केले, ते 12 जानेवारी 1943 रोजी संपले. महाराज तुरुंगातून सुटले तेव्हा ते उपोषण चालूच होते. चिमूर खटल्यात अनेकांना फाशी सुनावली गेली. त्यांच्या सुटकेसाठी अनसूयाबाई काळे आणि इतरांनी मोहीम चालवली आणि 1945 साली फाशी टळली.

इथे दोन गोष्टींची तुलना करावीशी वाटते. चिमूरच्या आरोपींच्या गळ्याशी फास आला, तर महाराज तीन महिन्यांनी सुटले. त्या दिवसाच्या हिंसेशी त्यांना जोडता येईल असे काही सरकारच्या हाती नसावे, असा माझा निष्कर्ष आहे. पण त्यांचा आवाज गावागावांत पोहोचतो हे सरकार पक्के जाणून होते, म्हणूनच तो त्या काळात बंद ठेवला गेला.

आणखी एक मोठा कागद म्हणजे 1955 साली प्रसिद्ध झालेली महाराजांची ‘ग्रामगीता’: 41 अध्याय, त्यांतला एक ‘भजन-प्रभाव’. ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण, महिलोन्नती यांच्या पंक्तीला भजन बसवणारा हा ग्रंथ चिमूरनंतर तेरा वर्षांनी आला आहे, तेव्हा 1942 साठी तो थेट साक्ष देऊ शकत नाही. तरी आपले भजन गावाच्या कामाचे आहे, ही कवीची स्वतःची समजूत त्यात लख्ख दिसते. 11 ऑक्टोबर 1968 रोजी देह ठेवेपर्यंत त्यांनी खंजिरी सोडली नाही.

माझ्या मते त्यांच्या पदांनी या भागातली मने तयार केली, पण 16 ऑगस्टचे धाडस आणि त्याची किंमत चिमूरकरांची आहे. बालाजी रायपूरकरांच्या आणि त्या स्त्रियांच्या वाट्याचे श्रेय कोणत्याही संताच्या नावावर लिहू नये.

चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यातल्या जुन्या भजनी मंडळांना एक विनंती आहे. तुमच्याकडे 1942 पूर्वीची छापील पुस्तिका किंवा हाताने लिहिलेली वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. ती कोणी लिहिली आणि कोणत्या वर्षी, ते वयस्क मंडळींना विचारून पहिल्या पानावर टिपून ठेवा.