आक्रमक शेजाऱ्यांच्या गराड्यात : ‘सिव्हिलायझेशन ४’मधील बचावाचे तंत्र

पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या डावपेचाच्या संगणकीय खेळांत नवख्या खेळाडूचा पराभव बहुधा रणांगणावर होत नाही; तो त्याआधीच, निर्धास्तपणाच्या काळात निश्चित झालेला असतो. नगरे वसतात, शेते पिकू लागतात, मंदिरे आणि ग्रंथालये उभी राहतात; आणि एके दिवशी संगणकाने चालविलेल्या शेजारी राज्याचे दहा-बारा पलटणींचे सैन्य सीमा ओलांडून थेट वेशीपाशी येऊन ठेपते. कित्येक तास खपून उभारलेले राज्य काही पाळ्यांत धुळीला मिळते. हल्ला अकस्मात झाला, अशी खेळाडूची समजूत होते. प्रत्यक्षात त्याची तयारी बराच काळ चाललेली असते आणि तिच्या खुणाही पडद्यावर दिसत असतात. त्या खुणा वाचता येणे हेच या खेळातील बचावाचे खरे शास्त्र होय.

या दृष्टीने अभ्यासण्याजोगा खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन ४’. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला या मालिकेतील पहिला खेळ १९९१ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने प्रसिद्ध केला. चौथा खेळ फिराक्सिस या संस्थेने ऑक्टोबर २००५ मध्ये आणला. त्याचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन होते. पुढे ‘वॉरलॉर्ड्स’ (२००६) आणि ‘बियाँड द स्वोर्ड’ (२००७) या पुरवण्यांनी त्यात भर घातली. इ. स. पूर्व ४००० मध्ये एका वसाहतीपासून आरंभ करून आधुनिक युगापर्यंत राज्य टिकवायचे, हे या खेळाचे स्वरूप. काठिण्याच्या नऊ पायऱ्यांपैकी मधल्या ‘नोबल’ पायरीवर माणूस आणि संगणक साधारण बरोबरीने खेळतात. त्यावरच्या पायऱ्यांवर संगणकाला उत्पादनात व संशोधनात सवलती मिळतात, तर सर्वांत अवघड ‘डेइटी’ पायरीवर त्याला आरंभीच एक जादा वसाहतकारी तुकडी दिलेली असते. तेथे केवळ बळावर शेजाऱ्याशी टक्कर घेणे अशक्यप्राय असते.

वैराचा हिशेब

या खेळातील शेजारी रागावतो तो लहरीने नव्हे, तर हिशेबाने. प्रत्येक राज्यकर्त्याचे खेळाडूविषयीचे मत क्रुद्ध, नाराज, सावध, प्रसन्न आणि स्नेही अशा पाच अवस्थांत मोजले जाते. राज्यकर्त्याच्या नावावर निर्देशक नेला की त्या मतामागची कारणे अधिक-उणे अंकांसह दिसतात. दोघांचा राजधर्म एक असणे, परस्परांसाठी सीमा खुल्या ठेवणे, नियमित व्यापार करणे, अडचणीत मदत देणे हे जमेच्या बाजूला जाते. भिन्न धर्म, एकमेकींना भिडलेल्या सीमा, नाकारलेली मागणी आणि शत्रूशी केलेला व्यापार हे खर्चाच्या बाजूला. काही अंक मात्र दाखविले जात नाहीत. म्हणून या ताळेबंदावर भिस्त ठेवतानाही थोडी सावधगिरी बाळगावी लागते.

राज्यकर्त्यांचे स्वभावही सारखे नाहीत. अझ्टेकांचा मोंटेझुमा आणि मंगोलांचा चंगीझखान हे युद्धखोर म्हणून ओळखले जातात. स्पेनची इझाबेला धर्माच्या बाबतीत विलक्षण कडवी आहे. जपानचा तोकुगावा सहसा सीमा खुल्या करीत नाही. बहुतेक राज्यकर्ते स्नेही अवस्थेत युद्ध पुकारीत नाहीत. परंतु काही जण प्रसन्न असतानाही हल्ल्याचा बेत आखतात. म्हणून शेजारी कोण आहे, हे कळताच पुढील धोरण ठरविणे इष्ट.

धर्म आणि मित्रराज्ये

खेळातील सात धर्मांचे लाभ सारखेच आहेत, त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ कोणी नाही. परंतु मुत्सद्देगिरीत धर्माइतके प्रभावी साधन दुसरे नाही. एकाच धर्माची राज्ये हळूहळू एका गटात येतात आणि परधर्मीयांकडे रोखून पाहू लागतात. स्वतःचा धर्म स्थापन करण्याचा मोह त्यामुळे अनेकदा महागात पडतो. शेजारी बलाढ्य आणि कडवा असेल तर त्याचाच धर्म राजधर्म म्हणून स्वीकारावा, किंवा गट स्पष्ट होईपर्यंत कोणताच राजधर्म जाहीर करू नये, हा मार्ग सुरक्षित ठरतो.

लगतचे राज्य हा स्वाभाविक शत्रू आणि त्याच्या पलीकडचे राज्य हा स्वाभाविक मित्र, हा कौटिलीय अर्थशास्त्रातील राजमंडलाचा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. वर्णमालेचा शोध लागल्यावर राज्यांना विद्यांची देवघेव करता येते. एखादी विद्या देऊन पलीकडच्या राज्याला आक्रमक शेजाऱ्यावर सोडता येते. एका युद्धात गुंतलेले संगणकीय राज्य सहसा दुसरी आघाडी उघडीत नाही; त्यामुळे खेळाडूला उसंत मिळते. मात्र ज्याच्यावर युद्ध लादले, तो हा उपद्व्याप विसरत नाही.

दुबळेपणाचे आमंत्रण

लक्ष्य निवडताना संगणक मतभेदांबरोबरच लष्करी बळाची तुलना करतो. जवळचे, श्रीमंत आणि सैन्याविना पडलेले राज्य त्याला सर्वांत सोपे सावज वाटते. राज्यांच्या बळाचा आलेख खेळात पाहता येतो. ‘बियाँड द स्वोर्ड’मध्ये त्यासाठी हेरगिरीवर खर्च करावा लागतो. या आलेखात तळाशी राहू नये, एवढे पथ्य पाळले तरी अनेक युद्धे टळतात. पलटणी प्रत्यक्ष लढल्या नाहीत तरी त्यांचा खर्च वाया जात नाही.

आरंभीच्या काळात तांबे शोधून ते रस्त्याने राजधानीशी जोडणे हे पहिले कर्तव्य. त्यातून कुऱ्हाडधारी पलटणी उभ्या राहतात आणि त्या पायदळाला भारी पडतात. तांबे नसेल तर तिरंदाज आणि तट यांवर विसंबावे लागते. तिरंदाजाला नगररक्षणात ५० टक्के अधिक बळ मिळते, तटामुळे आणखी ५० टक्के, आणि नगर टेकडीवर असेल तर २५ टक्के. सीमेवरचे नगर टेकडीवर वसविण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

युद्धाची चाहूल

शेजाऱ्याला तिसऱ्या राज्यावर चाल करण्याची विनंती करून पाहावी. आपल्या हाती आधीच पुरेसे काम आहे अशा अर्थाचे कारण पुढे करून त्याने नकार दिला आणि तो त्या वेळी कोणाशीही लढत नसेल, तर तो गुप्तपणे युद्धाची तयारी करीत आहे असे खुशाल समजावे. सीमेलगतच्या नगरात सैन्य गोळा होऊ लागणे ही दुसरी खूण. अशा वेळी चाललेली बांधकामे थांबवून सैन्य व तट यांकडे वळावे. खंडणीची मागणी आली तर अभिमान बाजूला ठेवून हिशेब करावा. ‘बियाँड द स्वोर्ड’मध्ये मागणी मान्य केल्यास १० पाळ्यांची सक्तीची शांतता लाभते. एका विद्येच्या मोबदल्यात मिळालेल्या १० पाळ्यांत तट उभा राहतो.

वेशीवरची लढाई

युद्ध पेटलेच तर सीमेवर धावून जाऊ नये. परक्या भूमीत शत्रूला सहसा रस्त्यांचा लाभ मिळत नाही. खेळाडूला मात्र आपल्या रस्त्यांवरून कुमक त्वरेने हलविता येते. नगराभोवतीची जंगले आधीच तोडलेली असावीत, कारण जंगलात थांबलेल्या शत्रूला ५० टक्के संरक्षण मिळते. तटाचे बळ खच्ची करण्यासाठी शत्रूला उघड्या मैदानात थांबावे लागते आणि तीच प्रतिहल्ल्याची वेळ असते. कॅटापल्ट हे दगडफेकीचे यंत्र एका पलटणीवर सोडले तरी त्याच चौकोनातील इतर पलटणीही घायाळ होतात. दोन-तीन कॅटापल्टांचा बळी दिल्यावर उरलेले सैन्य कुऱ्हाडधाऱ्यांच्या आटोक्यात येते.

मुख्य फौज नष्ट झाली की आरंभी बोलणीही नाकारणारा शत्रू तहाला राजी होतो. तहानंतरच्या १० पाळ्या युद्धाला बंदी असते. त्या विश्रांतीसाठी नव्हेत; वैराची कारणे दूर करण्यासाठी आहेत.

गांधीजींची दंतकथा

या मालिकेतील सर्वांत गाजलेला आक्रमक शेजारी भारताचा आहे. १९९१ च्या खेळात गांधीजींचा आक्रमकतेचा अंक १ होता, लोकशाही स्वीकारताच तो दोनने घटून तांत्रिक चुकीमुळे २५५ झाला आणि ते अण्वस्त्रे टाकू लागले, अशी कथा जगभर पसरली. सिड मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात अशी कोणतीही चूक नव्हती, असे स्पष्ट केले. ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये (२०१०) मात्र गांधीजींचा अण्वस्त्रांकडील कल गंमत म्हणून मुद्दाम वरचा ठेवण्यात आला.

शेजाऱ्याच्या हल्ल्यामागे गूढ शोधण्याची हौस या कथेतून दिसते. मालिकेतील पुढचे खेळ बदलले; पाचव्यात एका चौकोनी घरातील सैन्याच्या राशी जाऊन षट्कोनी घरात एकच लढाऊ पलटण आली, सहाव्यात (२०१६) प्रत्येक राज्यकर्त्याला स्वतःचे आग्रह मिळाले. तरीही शेजारी का रागावला, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्याच ताळेबंदात लिहिलेले असते. ते वेळीच वाचणाऱ्याचे राज्य टिकते.