दारू सुटली, तरी घरातला ताण का सुटत नाही?

नवऱ्याने किंवा मुलाने दारू सोडून महिना झाला, तरी रात्री दार वाजले की तुमच्या छातीत धडधडते का? हा मनाचा कमकुवतपणा नाही. वर्षानुवर्षे सावध राहिलेले शरीर लगेच सैल होत नाही. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या कितीतरी बायका झोप न लागणे, डोकेदुखी, चिडचिड अंगावर काढतात. व्यसन एकाचे असले, तरी उपचार दोघांनाही लागतात.

पहिले चार दिवस
रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकदम दारू बंद करू नये. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून आधी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर १०८ ला फोन करा.

हे टाळा
• जेवणात गुपचूप औषध मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून मृत्यूही होऊ शकतो.
• खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे यांनी दारू थांबत नाही; तुमची झोप मात्र जाते.
• त्याची उधारी फेडू नका, कामावर त्याच्यासाठी खोटे सांगू नका.

पुन्हा प्यायला तर
असे अनेकांचे होते. म्हणून उपचार वाया गेले असे नाही. तो नशेत असताना वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. मारहाण झाली तर मात्र थांबू नका: ११२ किंवा महिलांसाठी १८१.

तुमच्यासाठी मदत
पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल-ॲनॉन हे व्यसनी माणसांच्या नातेवाइकांचे मदतगट आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. फोन करायला त्याची परवानगी लागत नाही. तो उपचाराला तयार नसला, तरी तुम्ही तुमचे उपचार सुरू करू शकता.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच.