घाट, ऊन आणि मेन जेट

कोल्हापुरात जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना कार्बोरेटरचं सेटिंग कशानं बिघडतं म्हणून विचारलं, तर दहातले नऊ जण घाटाकडे बोट दाखवतील. करूळ घाट उतरला की गाडी बदलते, पन्हाळा चढला की बदलते. खोटं नाही ते. पण उद्यमनगरात याच इंजिनांवर हयात घालवल्यावर माझं ठाम मत झालंय की आमच्या गावात घाटापेक्षा ऊन जास्त फरक करतं, आणि जुने मेस्त्री हे हिशेब न मांडताही ओळखून होते.

हिशेबच मांडायचा तर सोपा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा साधारण ९७५ मीटरवर. एवढ्या चढणीत हवा चार-पाच टक्के विरळ होते. आता गावातच थांबा. जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांवर असतो, एप्रिल-मेच्या दुपारी ३८ वर जातो. तेवढ्या तापमानाच्या फरकानंच हवा सात टक्क्यांच्या वर विरळ होते. एप्रिलच्या एकाच दिवसात, सकाळी २२ आणि दुपारी ३८ अंश असले, तर मिरजकर तिकटीला उभ्या असलेल्या गाडीच्या दृष्टीनं ती पन्हाळा चढून आल्यासारखंच असतं.

हवा विरळ झाली तर पेट्रोलही कमी ओढलं जाईल, मग बिघडतं काय? कार्बोरेटरची मेख इथंच आहे. हवा जितकी विरळ होते तितकं पेट्रोल कमी होत नाही, अंदाजे निम्म्या प्रमाणातच कमी होतं. म्हणून उंचीवर किंवा उन्हात मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. गाडी गुदमरते, धूर सोडते, प्लग काळा पडतो. उलट्या दिशेला, म्हणजे थंडीत किंवा कोकणात, मिश्रण लीन होतं आणि धोका खरा तिथं असतो. रिच गाडी नुसती कंटाळा आणते, लीन गाडी पिस्टन धरते.

मेबाख या जर्मन अभियंत्यानं १८९३ साली बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: आकुंचलेल्या नळीतून हवा वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर येतं. त्या पितळी जेटच्या भोकाला मात्र बाहेर पौष आहे की वैशाख, हे कळत नाही. ते कळून घ्यायचं काम माणसाचं, आणि आमच्या गावात ते काम करणारी माणसं आधीच तयार होती.

ती तयार झाली ऑइल इंजिनांवर. फाउंड्री, लेथ आणि शेतातल्या विहिरीवर किंवा गुऱ्हाळात चालणारं इंजिन, यावर उद्यमनगर उभं राहिलं. त्या डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो, त्यामुळे जेटचं ज्ञान तिथून आलं नाही. तिथून आला तो कान. लोड आल्यावर आवाज किती दबतो, धूर कोणत्या रंगाचा येतो, यावरून इंजिनाची तब्येत सांगणारे लोक १९६० नंतर मैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सचा राजदूत आला तेव्हा त्या गाड्यांकडे वळले. राजदूतला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले असायचे. सुरुवातीच्या जावांवर चेकोस्लोव्हाकियाचा जिकॉव्ह कार्बोरेटर होता. त्याचे जेट हवे तेव्हा मिळणार कुठून? मग जुना जेट कथलानं बुजवायचा आणि बारीक ड्रिलनं पुन्हा पाडायचा. माझ्या उस्तादांचा त्यात एकच दंडक होता: जेट साफ करताना तार घालायची नाही. तारेनं भोक मोठं होतं, मापावर विश्वास राहत नाही, आणि मग सगळं सेटिंग अंधारात.

घाट उतरण्याबद्दलही त्यांची शिकवण पक्की होती. पेट्रोलमध्येच तेल मिसळायच्या गाड्या. गगनबावड्याहून वैभववाडीकडे करूळ घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवला तर पेट्रोल जवळजवळ येत नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. वर इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरत राहतं. म्हणून वळणावळणाला ते सांगायचे, "मधी मधी मूठ पिळ रं, इंजिनाला तेल मिळू दे."

१९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली. ९८ सीसी, अकरा घोडे, आणि मिकुनीचा कार्बोरेटर. माझ्या धंद्यातला हा सगळ्यात सुंदर काळ. आता अंक टाकलेले जेट मिळू लागले. मोठा अंक, मोठं भोक. निडलला पाच खाचा, त्यात छोटं लॉक. लॉक एक खाच खाली घेतलं की निडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. एअर स्क्रू बाहेर घेतला की स्लो जेटचं मिश्रण लीन होतं. इतक्या मोजक्या गोष्टींत सगळी विद्या मावत होती.

पण याच गाड्यांवर पोरं मातीच्या ट्रॅकवर उतरली तेव्हा अनेकांना वाटलं, मेन जेट बदलला की झालं. इथं मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण ही चूक आजही होते. मेन जेट पूर्ण थ्रॉटलला बोलतो. मातीच्या ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल असतो किती वेळ? छोटी सरळ, मग वळण, मग उडी. बहुतेक वेळ मूठ पाव ते पाऊण या दरम्यान असते, आणि तो मुलूख निडलचा. वळणातून बाहेर पडताना गाडी दचकली तर निडल आणि स्लो जेट पाहायचे. मेन जेट रस्त्यावर, गगनबावड्याच्या वाटेवर लांब सरळ सापडली की तपासायचा: पूर्ण मूठ पिळायची, तशीच गाडी बंद करून क्लच दाबायचा, प्लग काढून वाचायचा. प्लगचं पोर्सेलिन बिस्किटाच्या रंगाचं हवं. पांढरं दिसलं तर पुढं जायचं नाही. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं तेव्हा हा रंगही बदलला, आणि जुन्या डोळ्यांना पुन्हा वाचायला शिकावं लागलं.

पावसाचं गणित सगळ्यात फसवं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवा गार लागते म्हणून लोक समजतात की ती दाट आहे आणि जेट वाढवतात. पण त्या हवेत पाण्याची वाफ भरलेली असते आणि वाफ ऑक्सिजनची जागा अडवते. श्रावणात तीन टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन त्यानं कमी होतो. म्हणजे गारव्यानं जे मिळवलं त्यातलं बरंच ओलाव्यात गेलं. मसाईच्या पठारावर चिखल तुडवायला जाणाऱ्यांना मी पावसाळ्यात जेटला हात लावू देत नाही, एअर स्क्रूवर भागवा म्हणतो.

ऊन जास्त फरक करतं या माझ्या मताला सगळ्यात भक्कम आधार मिळाला तो मात्र डर्ट बाईकवर नव्हे, कार्टिंगमध्ये. मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. रोटॅक्स मॅक्स, १२५ सीसी टू-स्ट्रोक, डेलऑर्टोचा कार्बोरेटर. तिथं उंची बदलत नाही, ट्रॅक जागचा हलत नाही. तरी संघांजवळ तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता धरून बनवलेला तक्ता असतो आणि सकाळच्या सरावाचा जेट दुपारच्या शर्यतीला राहीलच असं नाही. उस्ताद कानानं जे करायचे तेच तिथं कागदावर दिसतं. ते पाहायला ते हवे होते, असं फार वाटतं.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. आता सेन्सर हवेचं तापमान आणि दाब स्वतः पाहतो, घाट असो की वैशाख. ते चांगलंच झालं. हवा स्वच्छ व्हायला हवी होती आणि पिस्टन धरून घाटात अडकलेल्या पोरांची काळजी मी भरपूर केली आहे.

पण उरलेल्या जुन्या गाड्यांपुढं आता तिसरं कारण येऊन ठेपलंय, आणि ते ना घाटातून आलंय ना उन्हातून. ते आपल्या शेतातून आलंय. उसाच्या मळीपासून आणि रसापासून डिस्टिलरीत इथेनॉल होतं, पेट्रोलमध्ये मिसळतं, आणि हे प्रमाण आता वीस टक्क्यांवर पोचलंय. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. त्याच जेटमधून ई-२० गेलं की मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन पडतं. जानेवारीच्या पहाटेनं मे महिन्याच्या सेटिंगला जेवढा धक्का बसतो, त्याहून हा मोठा आहे, आणि तो बाराही महिने टिकतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि आमचा पावसाळा चार महिन्यांचा.

म्हणून सध्या माझ्याकडे येणाऱ्या आरएक्सला आधी मेन जेट वरचा बसवतो, निडलचं लॉक एक खाच खाली घेतो, रबरी नळ्या नव्या घालतो, आणि मगच विचारतो, गाडी जाणार कुठं. थंडीत मालवणला निघाली असेल तर आणखी एक अंक वर. मे महिन्यात पन्हाळ्याला असेल तर आहे तसंच राहू द्या, प्लग मात्र वाघबीळला थांबून एकदा काढून बघा.