भुसावळचा खटला आणि पंचवीस वर्षे

दहशतवादाला राष्ट्राने कसे उत्तर द्यावे, यावर मोठमोठी व्याख्याने होतात. आपल्या खान्देशापुरते हे उत्तर तपासायचे तर जळगाव जिल्ह्यातील भुसावळच्या खटल्याकडे पाहावे लागते.

मे १९९४ मध्ये अकरा मुसलमानांना ‘टाडा’खाली अटक झाली. बाबरी मशिदीचा बदला घेण्यासाठी कट रचला, असा आरोप होता. पंजाबातील हिंसाचाराच्या काळात, १९८५ साली हा कायदा आला. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब त्यात पुरावा ठरत असे आणि जामीन मिळणे अतिशय कठीण होते. देशभरात सुमारे ७६ हजार लोक पकडले गेले. दोषी ठरले दोन टक्क्यांहूनही कमी. गैरवापराची ओरड झाल्यावर १९९३ मध्ये दुरुस्ती करून पोलीस अधीक्षकांची पूर्वपरवानगी सक्तीची केली गेली.

मे १९९५ मध्ये टाडाची मुदत संपली. कायदा गेला, खटला उरला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयाने अकराही जणांना निर्दोष सोडले. पुरावा नव्हता आणि कायद्याने घातलेल्या अटीही पाळलेल्या नव्हत्या. १९९४ साली पहिलीत बसलेले मूल २०१९ मध्ये स्वतःच्या मुलाचे नाव शाळेत घालायला येते. एवढा हा काळ.

धुळ्याच्या शेजारी मालेगाव आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. पकडलेल्या मुसलमान तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानमध्ये, भिक्कू चौकात सहा जण मेले. त्या खटल्यातील सातही हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी सुटले. आरोपी कोणत्याही धर्माचे असोत, मृतांच्या घरचा प्रश्न तोच राहिला. बॉम्ब ठेवले कोणी?

निरपराध माणूस तुरुंगात जातो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. म्हणून आरोपीचा इन्साफ आणि मृताचा इन्साफ हे दोन वेगळे इन्साफ नाहीत. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळावी, असा कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये केली होती. कडक कायदे आपण पुष्कळ केले. आता प्रामाणिक तपास, वेळेत निकाल आणि झालेल्या चुकीची भरपाई यांची पाळी आहे. बॉम्ब ठेवणाऱ्याला खरी भीती याच गोष्टींची वाटेल.