धावण्यास मनाई

१९३२ साली इंग्लंडमधल्या डर्बी शहरात फुटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला डर्बीचे, दुसऱ्या बाजूला क्रू या गावचे निवृत्त रेल्वे कामगार. दोन्ही गावं रेल्वेच्या कारखान्यांवर वाढलेली. खेळाडू सगळे पासष्टी ओलांडलेले. या सामन्याची अट एकच होती, धावायचं नाही.

पुढे २०११ साली, त्याच डर्बीशर परगण्यातल्या चेस्टरफील्डमध्ये, तिथल्या फुटबॉल क्लबच्या कम्युनिटी ट्रस्टने जॉन क्रूट यांच्या पुढाकाराने पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी चालत खेळायचा फुटबॉल सुरू केला. २०१४मध्ये बार्कलेज बँकेच्या एका जाहिरातीत तो दिसला आणि देशभर पोचला. ‘वॉकिंग फुटबॉल’चा जन्म २०११चा, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मग १९३२च्या त्या म्हाताऱ्यांचं काय करायचं?

या प्रश्नात मी का अडकलो ते सांगायला हवं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातल्या जेवणाच्या वेळाही त्यावर ठरतात. चौतिसाव्या वर्षी माझ्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. डॉक्टर म्हणाले, “आता धावणं बंद.” मी घरी येऊन सांगितलं, “खेळणं बंद.” या दोन वाक्यांत फरक आहे हे कळायला मला वीस वर्षं लागली. तोवर मी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पोरांना शिव्या देणाऱ्यांत सामील झालो होतो.

आता १९३२कडे वळू. त्या सामन्याला पासष्टची अट का असावी? ब्रिटनमध्ये १९०८च्या कायद्याने वृद्धांना सरकारी पेन्शन मिळू लागलं, पण सत्तरीनंतर. १९२५च्या कायद्याने विमा भरणाऱ्या कामगारांसाठी हे वय पासष्टवर आणलं आणि १९२८पासून पैसे मिळू लागले. म्हणजे डर्बीत सामना झाला तेव्हा ‘पासष्टचा पेन्शनर’ हा प्राणी जेमतेम चार वर्षांचा होता. माझा तर्क असा की मैदानावर ते वय आलं ते कायद्यातून, गुडघ्यांतून नव्हे. गंमत अशी की ज्या २०११ साली चेस्टरफील्डमध्ये खेळ सुरू झाला, त्याच साली ब्रिटनने पासष्टाव्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्याची मालकांची मुभा काढून घेतली. कारखान्यातली म्हातारपणाची रेषा पुसली जात होती, तेव्हा मैदानावर ती पन्नाशीवर आखली गेली. एकाच माणसाला एक नियम म्हातारा ठरवतो आणि दुसरा ठरवत नाही.

खेळाचा नियम साधा आहे. चेंडू जवळ असो वा नसो, प्रत्येक खेळाडूचा एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. पाऊल सुटलं की प्रतिपक्षाला फ्री किक. ही कसोटी चालण्याच्या शर्यतीतून ओळखीची आहे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकपासून पंच तिथे डोळ्यांनी हेच पाहतात. शर्यतीत गुडघा ताठ ठेवण्याची जी आणखी एक अट असते, ती मात्र इथे नाही. याशिवाय चेंडू डोक्याच्या उंचीवर जाऊ द्यायचा नाही आणि अंगाला अंग भिडवायचं नाही. यामागे शरीरशास्त्राचा हिशेब आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पडतो. चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. फाटक्या गुडघ्याला या फरकात जागा मिळते.

“धावायचं नाही तर तो कसला फुटबॉल?” हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. त्याचं उत्तर १८६३मध्ये सापडतं. त्या वर्षी लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनचे पहिले नियम ठरत होते आणि वाद पेटला होता तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याच्या हक्कावरून. हा हक्क काढला तर खेळातली मर्दुमकीच जाईल, अशी ब्लॅकहीथ क्लबची बाजू होती. नियम झाला, ब्लॅकहीथ बाहेर पडला आणि लाथांविना उरलेला खेळ जगभर गेला. तेव्हा खेळातून काही वजा केलं की तो खेळ राहत नाही, हे म्हणणं फुटबॉलइतकंच जुनं आहे.

मात्र नियम माणसांनाही वजा करतात. १९२०च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या महिला संघाचा सामना पाहायला सुमारे त्रेपन्न हजार लोक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ला, फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली. २०११मध्ये साठीला आलेली इंग्लिश बाई १९५१ची. तिचं सगळं शाळकरी वय या बंदीत गेलं. पुढे चालण्याच्या फुटबॉलमध्ये स्त्रियांचेही संघ झाले. त्यातल्या अशा बाईच्या बाबतीत ‘खेळाकडे परतणं’ हा शब्दच चुकीचा आहे, कारण परतायला आधी आत असावं लागतं.

म्हणून मला हा खेळ ज्येष्ठांसाठी केलेली सवलत वाटत नाही. कोण आत आणि कोण बाहेर हे फुटबॉलमध्ये नेहमी नियमांनीच ठरवलं. इथे एक नियम वाढवून काही जणांना आत घेतलं, एवढंच. डर्बीच्या म्हाताऱ्यांनी तो एका सामन्यापुरता करून पाहिला होता. चेस्टरफील्डने त्याचा आठवड्याचा परिपाठ केला, आणि जन्माचं श्रेय त्याला मिळालं ते यासाठी, असं मी समजतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठ जण पहाटे एका शाळेच्या मैदानावर जमलो. सगळे जुने खेळाडू. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाच्या हृदयात स्टेंट. स्टेंटवाल्याने आधी डॉक्टरांना विचारलं होतं. वेग नसला की चुकीचा पास धावून सावरता येत नाही, चेंडू येण्याआधीच जागेवर असावं लागतं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. दहाव्या मिनिटाला भांडण झालं. समोरचा ओरडला, “पळालास तू!” मी म्हणालो, “चाललो.” तो म्हणाला, “दोन्ही पाय वर होते!”

खरं सांगायचं तर होते. वीस वर्षांनी माझ्याविरुद्ध फ्री किक मिळाली, आणि मी पंचाशी हुज्जत घालायला चालत गेलो.