बाईंनी लिहिलेल्या जन्मतारखा

१ जून आला की आमच्या वारणाकाठी घरोघरी वाढदिवस असतात. चुलते १ जूनचे, मामा १ जूनचे, शेजारचे अण्णाही १ जूनचेच. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त होणाऱ्यांची गर्दी असते, तीही याच कारणानं. आता ही सगळी माणसं काही एकाच दिवशी जन्मली नव्हती. पूर्वी बाळंतपणं घरी व्हायची. जन्माची नोंद झालीच तर गावच्या कोतवाल बुकात, आणि तीही बारशाच्या आधी. म्हणून तिथं नाव नसायचंच, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. पुढं शाळेत घालायची वेळ आली की गुरुजी पोराकडं बघून वर्षाचा अंदाज करत, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून मोकळे होत.

माझी आजी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, म्हणून आम्ही नातवंडंही बाईच म्हणायचो. ती मात्र अशी लिहून मोकळी होत नसे.

बाई शिकली कशी, ते आधी सांगते. आमचं गाव जुन्या कोल्हापूर संस्थानातलं. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता, आणि तेव्हाचा रुपया म्हणजे कुणब्याच्या जिवावर येणारी गोष्ट! त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रासकट, मोडलं. आमच्याकडच्या शेतकरी जैन घरांतून ही गोष्ट आयाबाया चुलीपुढं सांगत. ती ऐकलेल्या घरात मुलीला ‘पुरे आता शाळा’ म्हणणं थोडं जड जायचं. बाई सातवीची फायनल पास झाली. त्या काळात तेवढ्यावर मास्तरकी मिळायची.

शाळेत ‘दाखल-खारीज रजिस्टर’ नावाचं जाडजूड पुस्तक असतं. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कधी आला, कधी गेला, सगळं त्यात. नाव घालायला आई आली की बाई तिला बसवून घ्यायची, पाणी द्यायची आणि मग विचारायला लागायची. “बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाली बघा,” असं कुणी म्हटलं की बाईचा पुढचा प्रश्न ठरलेला, “कुठला बेंदूर, कर्नाटकी का महाराष्ट्री?” कारण एक ज्येष्ठात येतो, दुसरा आषाढात. कुणी सांगायची, “जळीत झालं तवा मला सातवा लागला होता.” गांधीजींच्या हत्येनंतर आमच्या भागात वाडे जळाले, ते हे जळीत. मग बाई जानेवारी १९४८ पासून बोटांवर महिने मोजत चैत्रापर्यंत यायची. “भूकंपाच्या रातीला कळा सुरू झाल्या” म्हणणारीचं काम सोपं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तारीख ठाम. जैन घरातली बाई असेल तर ती दशलक्षण पर्वापासून मोजायची, कुणी अष्टान्हिकेपासून. बाईच्या ट्रंकेत जुनी दाते पंचांगं एकावर एक रचलेली असत. तिथी आणि तारखेची गाठ ती त्यांतून घालायची.

एवढा खटाटोप कशाला, असं इतर शिक्षक विचारायचे. त्याचं उत्तर मुलींच्या लग्नात होतं. शारदा कायद्यानं १९३० पासून मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं, १९४९ मध्ये ते १५ झालं, आणि १८ व्हायला १९७८ उजाडावं लागलं. कायदा कागदावर, पण वय सिद्ध करणारा कागद गावात एकच, तो म्हणजे शाळेचा दाखला. तारीखच मोघम असली तर बापाला वाकवायला सोपी.

तसा एक प्रसंग बाई सांगायची. भावकीतलेच एक गृहस्थ रात्री घरी आले. पोरीला तेरावं चालू, स्थळ चांगलं आलेलं. दोन वर्षं मागची तारीख घालून दाखला द्या, एवढंच मागणं. बाई म्हणाली, “शाई वाळली, भाऊ. आता माझ्या हातात नाही.” त्यांनी आजोबांना मध्ये घातलं. आजोबा गप्प राहिले. पुढं वर्षभर त्या घराचं आमच्याकडं जेवणखाण बंद होतं, बस्तीतसुद्धा नजर चुकवायचे. पोरगी सातवीपर्यंत शाळेत राहिली. लग्न दोन वर्षांनी झालंच, त्यापुढं बाईचं काही चाललं नाही. “दोन वर्षं मिळाली तिला,” असं बाई म्हणायची. जास्त मिळायला हवी होती हे तिला ठाऊक होतं. ते बोलताना तिचा आवाज खाली यायचा.

श्रुतपंचमी ज्येष्ठात, शाळा उघडायच्या सुमारास येते. त्या दिवशी बस्तीतली शास्त्रं बाहेर काढून पुसायची, नवं वेष्टन घालायचं, हा आपला रिवाज. बाई बस्तीतलं आटोपून आली की जवळच्याच दिवशी शाळेची रजिस्टरंही उन्हात घालायची, कसर झटकायची, सुटलेली पानं खळीनं चिकटवायची. शास्त्र आणि रजिस्टर एक नव्हे, हे तिला कळत होतं. पण लिहिलेलं खरं असावं आणि टिकावं, ही काळजी दोन्हीकडं सारखीच होती.

गंमत म्हणजे बाईची स्वतःची तारीख १ जून! तिची आई तिच्या लहानपणीच वारली होती आणि तिच्या गुरुजींना विचारायला कुणी उरलं नव्हतं. तीसुद्धा ३१ मे रोजीच निवृत्त झाली. खरी तिथी शोधायचा तिनं फार प्रयत्न केला. “सुगी चालू होती” एवढंच एका म्हाताऱ्या आत्याकडून कळलं. कुठली सुगी, ते आत्याला आठवेना.

मैत्रिणींनो, घरात सासू, आजी, आत्या कुणी ऐंशीच्या पुढच्या असतील तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. जन्म कुठला, कुणाच्या घरात, पाऊस होता का, शेतात काय उभं होतं, गावात तेव्हा काय घडलं होतं, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि बेंदूर म्हणाल्या तर कुठला, तेही विचारून घ्या.