राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि रिकामी न राहणारी खुर्ची

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड हे स्थानक आहे. याच बोदवड तालुक्यातील नाडगाव येथे 19 डिसेंबर 1934 रोजी जन्मलेल्या प्रतिभा पाटील यांनी 25 जुलै 2007 रोजी देशाच्या बाराव्या राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. देशाच्या त्या पहिल्या महिला राष्ट्रपती आणि या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महाराष्ट्रीय व्यक्ती होत. खान्देशाला हा दिवस चांगला स्मरतो. मात्र त्या दिवशी देशाला उपराष्ट्रपती नव्हते, ही बाब फारशी कोणाच्या ध्यानात नसते. निवडणुकीत पराभूत झालेले प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत हेच तेव्हा उपराष्ट्रपती होते आणि निकालाच्याच दिवशी, 21 जुलैला, त्यांनी पदाचा राजीनामा दिला होता.

राष्ट्रपतींची खुर्ची एक क्षणही रिकामी राहू नये, याची काळजी राज्यघटनेने घेतली आहे. उपराष्ट्रपतींच्या खुर्चीबाबत मात्र तिने तेवढी घाई दाखविलेली नाही. हा फरक का, हे समजून घ्यायचे तर दोन्ही पदांची पात्रता, निवड आणि उत्तराधिकार यांचा एकत्र विचार करावा लागतो.

पात्रता कोणती?

घटनेच्या कलम 58 नुसार राष्ट्रपतिपदाचा उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याच्या वयाची 35 वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि लोकसभेचा सदस्य होण्याची पात्रता त्याच्या ठायी असावी. उपराष्ट्रपतिपदासाठी कलम 66 मध्ये याच अटी आहेत. फक्त तेथे लोकसभेऐवजी राज्यसभेच्या सदस्यत्वाची पात्रता लागते. अमेरिकेचा अध्यक्ष जन्मतः त्या देशाचा नागरिक असावा लागतो. आपल्या घटनेने जन्माने मिळालेले आणि नंतर मिळविलेले नागरिकत्व असा भेद केलेला नाही.

शासनात लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती अपात्र ठरते. तथापि राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांची पदे या कारणासाठी लाभाची मानली जात नाहीत. म्हणूनच शेखावत यांना उपराष्ट्रपतिपदी राहून निवडणूक लढविता आली. प्रतिभा पाटील त्या वेळी राजस्थानच्या राज्यपाल होत्या. कायद्याने आवश्यक नसतानाही त्यांनी जून 2007 मध्ये ते पद सोडले. याउलट 2025 मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी उपराष्ट्रपतिपदी निवड झाल्यानंतर राज्यपालपदाचा राजीनामा दिला. दोन्ही मार्ग घटनेला मान्य आहेत.

उमेदवारी उगाच दाखल होऊ नये म्हणून राष्ट्रपतिपदासाठी 50 सूचक व 50 अनुमोदक, तर उपराष्ट्रपतिपदासाठी 20 सूचक व 20 अनुमोदक लागतात. दोन्ही ठिकाणी अनामत रक्कम 15 हजार रुपये आहे.

मत कोणाचे आणि मोल किती?

राष्ट्रपतींची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. दिल्ली व पुदुच्चेरी यांच्या विधानसभांचाही त्यात समावेश आहे. नामनियुक्त सदस्यांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नाही. आमदाराच्या मताचे मूल्य 1971 च्या जनगणनेवरून ठरते. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख 12 हजार 235 होती. तिला 288 आमदारांनी आणि पुन्हा एक हजाराने भागले की 175 हे मूल्य येते. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मूल्य 208, तर सिक्कीमच्या आमदाराचे अवघे 7 आहे. 2022 च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे मूल्य 700 होते.

हा हिशेब खान्देशाला लावून पाहता येतो. जळगाव जिल्ह्यात 11, धुळ्यात 5 आणि नंदुरबारमध्ये 4 असे एकूण 20 आमदार आहेत. त्यांच्या मतांचे एकत्रित मूल्य 3,500 होते, म्हणजे 2022 च्या प्रमाणात पाच खासदारांइतके. बोदवड तालुका मुक्ताईनगर विधानसभा मतदारसंघात येतो. येथील मतदार राष्ट्रपतींना थेट मत देत नाही. पण त्याने निवडलेल्या आमदाराची 175 मते त्या मतपेटीत जातात. हाच मतदारसंघ पूर्वी एदलाबाद या नावाने ओळखला जाई आणि प्रतिभा पाटील यांनी विधानसभेत दीर्घकाळ त्याचेच प्रतिनिधित्व केले.

मतदान गुप्त असते, त्यासाठी पक्षादेश काढता येत नाही आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. 2007 मध्ये शेखावत यांना भाजपच्या आघाडीचा पाठिंबा होता. त्या आघाडीत असूनही शिवसेनेने महाराष्ट्राच्या कन्येला मते दिली. प्रतिभा पाटील यांना 6,38,116, तर शेखावत यांना 3,31,306 इतक्या मूल्याची मते पडली.

उपराष्ट्रपतींची निवड केवळ संसद करते. दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य, नामनियुक्त सदस्यही, मतदान करतात आणि प्रत्येकाचे मत एकच गणले जाते. राज्यांच्या आमदारांचा तेथे संबंध येत नाही. राष्ट्रपती हे संघराज्याचे प्रमुख असल्याने त्यांच्या निवडीत राज्यांचा वाटा आहे. उपराष्ट्रपतींचे नित्याचे काम संसदेपुरते असल्याने त्यांची निवड संसदेकडे आहे.

कामाची विभागणी

संघराज्याचे सर्व कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या नावे चालतात. विधेयकांना संमती देणे, अध्यादेश काढणे, राज्यपाल व न्यायाधीश यांच्या नेमणुका, लोकसभेचे विसर्जन, आणीबाणीची घोषणा, दयेच्या अर्जांवर निर्णय आणि तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापतिपद ही त्यांची प्रमुख कामे आहेत. मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच त्यांना वागावे लागते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने हे बंधन स्पष्ट केले. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठविण्याची मुभा दिली.

उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. ते सभागृहाचे सदस्य नसतात आणि मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतात. त्यांना मिळणारे वेतनही सभापती म्हणून असते. उपराष्ट्रपती या नात्याने त्यांच्याकडे दुसरे मोठे काम नाही. गरज पडताच राष्ट्रपतींच्या जागी उभे राहणे, हेच त्या पदाचे खरे प्रयोजन होय.

पद रिक्त झाल्यास

मुदत संपण्यापूर्वीच नव्या राष्ट्रपतींची निवडणूक पूर्ण व्हावी, असा घटनेचा दंडक आहे. मुदत संपली तरी उत्तराधिकारी पदावर येईपर्यंत आधीचे राष्ट्रपती कायम राहतात. मृत्यू, राजीनामा किंवा महाभियोगाने पद रिक्त झाले, तर उपराष्ट्रपती कार्यवाहक राष्ट्रपती होतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. नव्या राष्ट्रपतींना उरलेली नव्हे, तर पाच वर्षांची पूर्ण मुदत मिळते. महाभियोगासाठी दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमत लागते. आजवर एकाही राष्ट्रपतींना त्या मार्गाने जावे लागलेले नाही.

येथे अमेरिकेशी असलेला भेद महत्त्वाचा आहे. तेथे उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष होतो. 1974 मध्ये रिचर्ड निक्सन पायउतार झाले तेव्हा जेराल्ड फोर्ड अध्यक्ष झाले, आणि या गृहस्थांची ना उपाध्यक्षपदी निवडणुकीने निवड झाली होती, ना अध्यक्षपदी. आपल्याकडे उपराष्ट्रपती खुर्ची सांभाळतात, तिचे वारस होत नाहीत. कौल पुन्हा घ्यावाच लागतो.

1969 चा पेच

3 मे 1969 रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी सूत्रे हाती घेतली; पण त्यांना स्वतःलाच निवडणूक लढवायची होती. त्यांनी पद सोडले तर पुढे कोण, याचे उत्तर घटनेत थेट दिलेले नव्हते. कलम 70 ने ते संसदेवर सोपविले होते. त्यानुसार त्याच महिन्यात संसदेने कायदा केला. दोन्ही पदे रिक्त असल्यास सरन्यायाधीशांनी आणि तेही नसल्यास सर्वोच्च न्यायालयातील उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम पाहावे, असे ठरले.

20 जुलैला गिरी यांनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हिदायतुल्ला पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही होते. भारतभेटीवर आलेल्या निक्सन यांचे स्वागत राष्ट्रप्रमुख या नात्याने त्यांनीच केले. 24 ऑगस्टला गिरी निवडून आलेले राष्ट्रपती म्हणून परतले. त्या निवडणुकीत महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

कार्यवाहक राष्ट्रपतींचे अधिकार अपुरे नसतात, हे 1977 मध्ये दिसले. फक्रुद्दीन अली अहमद यांचे 11 फेब्रुवारीला निधन झाल्यावर बी. डी. जत्ती यांनी पाच महिन्यांहून अधिक काळ काम पाहिले. अंतर्गत आणीबाणी उठविण्याची घोषणा याच काळात, 21 मार्चला झाली. नऊ विधानसभा बरखास्त करण्याच्या शिफारशीवर त्यांनी आधी चालढकल केली आणि अखेर स्वाक्षरी केली. नीलम संजीव रेड्डी यांनी 25 जुलै 1977 रोजी शपथ घेतली. तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रपतींचा शपथविधी याच तारखेला होत आला आहे.

दुसरी खुर्ची

उपराष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास कोणीही कार्यवाहक उपराष्ट्रपती होत नाही. निवडणूक शक्य तितक्या लवकर घ्यावी, एवढेच घटना सांगते. सहा महिन्यांसारखी कालमर्यादा तेथे नाही. दरम्यान राज्यसभेचे काम उपसभापती पाहतात.

प्रतिभा पाटील यांनी ही जबाबदारी स्वतः सांभाळली होती. 18 नोव्हेंबर 1986 पासून त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. उपराष्ट्रपती आर. वेंकटरामन हे 25 जुलै 1987 रोजी राष्ट्रपती झाले आणि नवे उपराष्ट्रपती येईपर्यंत, म्हणजे 2 सप्टेंबरपर्यंत सुमारे 40 दिवस, सभापतिपदाची कर्तव्ये नाडगावच्या या कन्येकडे होती. 3 सप्टेंबरला शंकर दयाळ शर्मा त्या पदावर आले. तेही महाराष्ट्राच्या राज्यपालपदावरून. तथापि त्या 40 दिवसांत राष्ट्रपतींचे काही बरेवाईट झाले असते, तर पाटील यांना राष्ट्रपती भवनात जावे लागले नसते. तो मान सरन्यायाधीशांचा होता. उपसभापतींकडे सभापतींचे काम येते. राष्ट्रपतिपदाच्या रांगेतील उपराष्ट्रपतींची जागा येत नाही.

2007 मध्ये हमीद अन्सारी 11 ऑगस्टला उपराष्ट्रपती झाले, तोवर ती खुर्ची तीन आठवडे रिकामी होती. 2025 मध्ये जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला, तोही योगायोगाने 21 जुलैलाच. उपसभापती हरिवंश यांनी राज्यसभेचे कामकाज चालविले आणि 9 सप्टेंबरला 300 विरुद्ध 452 मतांनी निवडून आलेल्या राधाकृष्णन यांनी 12 सप्टेंबरला शपथ घेतली. या दोन्ही काळांत राष्ट्रपतींच्या मागे थेट न्यायसंस्थेचे प्रमुख उभे होते. कार्यकारी सत्तेच्या शिखरावर न्यायाधीशांना बसविण्याची वेळ 1969 मध्ये एकदाच आली आणि तीही पाच आठवड्यांपुरती. ती वारंवार येऊ नये, असे वाटत असेल तर उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीलाही ठरावीक मुदत असणे सयुक्तिक ठरेल. पहिली खुर्ची रिकामी राहू नये याची चोख व्यवस्था करणाऱ्या घटनेने दुसरीचा कालावधी संसदेच्या आणि निवडणूक आयोगाच्या तत्परतेवर सोडला आहे. आजवर ती तत्परता कमी पडलेली नाही, हे आपले भाग्य. पण घटनेची व्यवस्था भाग्याच्या भरवशावर चालू नये.